तळहातांची सोळा आठवड्यांची तयारी

ठाण्यात उपवन तलावाजवळच्या एका बागेत, लहान मुलांच्या घसरगुंडीशेजारी, एक आडवा लोखंडी दांडा आहे. गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता मी त्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळले आणि माझ्या भाचीने मोबाइलवर वेळ मोजली. सात सेकंद झाले आणि बोटे आपोआप उघडली. मला दम लागला नव्हता, खांदेही दुखत नव्हते. बोटांतली पकडच संपली होती. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नवी मुंबईत होणाऱ्या अडथळ्यांच्या शर्यतीसाठी आम्ही दोघींनी नुकतीच नावनोंदणी केली होती. अंतर ५ किलोमीटर, अडथळे १५ आणि हाताशी सोळा आठवडे. मी ४३ वर्षांची आहे, वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते आणि शाळा सुटल्यापासून कोणत्याही शर्यतीत उतरले नव्हते. ही तयारी मी कशी केली आणि त्यात कोठे चुकले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण नवख्या माणसाला सर्वांत आधी सांगायला हवे ते मला फार उशिरा कळले: या शर्यतीत पाय थकण्याच्या कितीतरी आधी हात थकतात, आणि हात तयार व्हायला पायांपेक्षा जास्त वेळ लागतो.

अडथळ्यांची शर्यत म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेचे मैदान आठवते. टायरमधून पलीकडे जायचे, पोत्यात पाय घालून उड्या मारायच्या, बाकाखालून सरपटायचे. मोठ्यांच्या शर्यतीतही हेच असते, फक्त भिंत सहा-आठ फुटांची असते, पोते वाळूने भरलेले असते आणि सरपटायचे ते चिखलातून, काटेरी तारेच्या खालून. या प्रकाराचे मूळ सैनिकी प्रशिक्षणात आहे. जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धावणे, चढणे, उचलणे, फेकणे, तोल सांभाळणे अशा माणसाच्या मूळ हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली आणि सैन्यातील अडथळ्यांच्या मार्गांवर तिचा मोठा प्रभाव पडला. सामान्य लोकांसाठी अशी शर्यत १९८७ साली इंग्लंडमध्ये ‘टफ गाय’ या नावाने सुरू झाली, आणि २०१० साली अमेरिकेत ‘स्पार्टन’ आणि ‘टफ मडर’ निघाल्यावर तिचा जगभर प्रसार झाला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतील घोडेस्वारीची जागा अडथळ्यांची शर्यत घेणार आहे. हे सारे मला भाचीने सांगितले. ती खारघरला राहते, २६ वर्षांची आहे आणि तिच्या आग्रहाखेरीज मी या वाटेला गेले नसते.

पहिले तीन आठवडे मी फक्त धावले. शर्यत म्हणजे धावणे, हे समीकरण डोक्यात इतके पक्के होते की सात सेकंदांचा तो अनुभव मी बाजूला ठेवून दिला. आठवड्यातून तीन दिवस उपवनच्या तलावाकाठी चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट धावणे असे सुरू केले, मग चालणे कमी आणि धावणे जास्त करीत गेले. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी सहालाही अंगातून धारा लागत, तरी तिसऱ्या आठवड्यात न थांबता २ किलोमीटर होऊ लागले. रविवारी ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला जायचे आणि तिथल्या टेकडीच्या चढावर भाचीबरोबर चालायचे, हाही नेम ठरला. चढ चालल्याने दम वाढतो, पोटऱ्या तयार होतात, आणि सपाट सिमेंटच्या रस्त्यावर धावून नडग्या दुखतात तशा त्या दुखत नाहीत. हा भाग सोपा होता असे मी म्हणणार नाही, पण तो ठरलेल्या वाटेने पुढे गेला.

मग एका रविवारी लोकलमध्ये भाचीने पंधराही अडथळ्यांची यादी काढली आणि म्हणाली, “मावशी, यातल्या किती ठिकाणी हात सुटला तर सगळंच सुटतं, ते मोज.” मी मोजले. दोरावर चढणे, आडव्या दांड्यांच्या शिडीवरून लोंबकळत जाणे, कड्यांवरून झोके घेत जाणे, भिंती, जाळी, कप्पीवरून वजन ओढणे, वाळूचे पोते वाहणे, असे एकूण नऊ अडथळे निघाले. त्याच आठवड्यात मी नौपाड्यातील एका व्यायामशाळेत चौकशीला गेले, कारण तिथे मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतात हे मला माहीत होते. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत. लहानमोठे सगळे त्यांना ताईच म्हणतात. मी शर्यतीचे सांगितल्यावर त्यांनी काही विचारले नाही, माझे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले आणि मंगळवार व गुरुवारी संध्याकाळी सातला यायला सांगितले.

मल्लखांबाला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवे रूप दिले, हे आपण शाळेत वाचलेले असते. पण दोरावर चढणे हे मुख्यतः पायांचे काम आहे, हे त्या व्यायामशाळेत शिरेपर्यंत मला माहीत नव्हते. आठ वर्षांची एक मुलगी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत सुती दोर धरून वर गेली, आणि वर गेल्यावर तिने एक हात सोडून परकराची नाडी सारखी करावी तितक्या सहजतेने कमरेचा पट्टा नीट केला. मी मात्र दोन्ही हातांनी दोर आवळून स्वतःला वर ओढू लागले आणि दीड हात वर जाऊन खाली आले. ताई म्हणाल्या, “हातानं नका चढू. हातानं फक्त धरा. उठायचं पायानं, खुर्चीवरनं उठतो तसं.”

शर्यतीत पायांत बूट असतात, बुटांना चिखल असतो आणि दोर बराच जाड असतो, त्यामुळे अंगठ्याची चिमटी तिथे उपयोगाची नाही. ताईंनी दोन संध्याकाळी विचार करून आणि स्वतः बूट घालून पाहून मला वेगळी पकड शिकवली. दोर उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने खाली सोडायचा. गुडघे छातीकडे घ्यायचे, आणि डाव्या पावलाने दोर खालून उचलून उजव्या तळव्याखालून आणायचा, म्हणजे तो डाव्या पावलाच्या पाठीवर आडवा येतो. मग उजव्या पावलाने त्यावर दाब द्यायचा. दोन पावलांच्या मध्ये दोर चेपला गेला की तिथे एक पायरी तयार होते. त्या पायरीवर उभे राहायचे, हात वर सरकवायचे आणि पुन्हा गुडघे वर घ्यायचे. हे वाचायला जितके किचकट वाटते तितकेच करायलाही किचकट आहे. मी पहिले दोन आठवडे वर चढलेच नाही. गादीवर बसून, दोर हातात धरून, फक्त पावलांनी ही पायरी बांधायची आणि सोडायची, एका वेळी तीस वेळा. मग डोळे मिटून तीस वेळा, कारण शर्यतीत खाली वाकून पावले पाहण्याइतकी ताकद हातांत उरत नाही. सहाव्या आठवड्यात मी पहिल्यांदा चार पायऱ्या चढले आणि वर थांबून ताईंकडे पाहू शकले. हात दुखत नव्हते. सगळे वजन पायांखालच्या त्या दोराच्या वळशावर होते.

दोर जमू लागल्याच्या आनंदात मी या तयारीतली सर्वांत मोठी चूक केली. दिवाळीला आम्ही राजापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी गेलो. घरामागे आंब्याची एक आडवी फांदी आहे. नेहमीच्या वेळापत्रकात लोंबकळणे आठवड्यातून तीनदाच होते. तेथे सुटी आहे, वेळ आहे, म्हणून मी सलग सहा दिवस, सकाळ-संध्याकाळ त्या फांदीला लोंबकळले. दांडा मुठीत बसतो, पण जाड फांदीला बोटे पुरती वेढत नाहीत आणि सारा भार बोटांवर व मनगटाच्या आतल्या बाजूवर येतो. सेकंद वाढत होते, २२ वरून २९ झाले, आणि मी खूश होते. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी चहाची किटली उचलताना उजव्या कोपराच्या आतल्या हाडाजवळ अशी कळ आली की किटली खाली ठेवावी लागली.

फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितले की हा गोल्फर्स एल्बो नावाचा त्रास आहे, आणि त्यासाठी गोल्फ खेळावा लागत नाही. बोटे आणि मनगट मिटवणारे स्नायू ज्या कंडरांनी कोपराच्या हाडाला जोडलेले असतात, त्या कंडरांवर झेपण्यापेक्षा जास्त ताण पडला होता. पुढे त्यांनी जे समजावले ते मी अधोरेखित करून लिहीत आहे. स्नायूंना भरपूर रक्तपुरवठा असतो, म्हणून ते काही आठवड्यांत बळकट होतात. कंडरांना तो कमी असतो, म्हणून त्यांना बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. आपल्याला ताकद आल्यासारखी वाटते ती स्नायूंची असते, आणि त्या भरवशावर आपण मागे राहिलेल्या कंडरांवर ओझे टाकत जातो. चाळिशीनंतर तर हे अंतर आणखी जपावे लागते. त्यांनी लोंबकळणे अडीच आठवडे पूर्ण बंद केले आणि एकच व्यायाम दिला: हात टेबलावर ठेवून, तळहात वर करून, एक लिटर पाण्याची बाटली दुसऱ्या हाताच्या मदतीने वर घ्यायची आणि फक्त दुखऱ्या हाताने, मनात पाच मोजत, सावकाश खाली न्यायची. पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. मी हा व्यायाम ऑफिसात जेवणाच्या सुटीतही केला. अडीच आठवड्यांनी दांड्याला हात लावला तेव्हा वेळ १८ सेकंदांवर उतरली होती, आणि शर्यतीला आठ आठवडेही उरले नव्हते. त्या दिवशी बागेतून घरी जाताना मला खरोखर वाईट वाटले होते.

त्यानंतर आठवड्यातून फक्त तीन दिवस, आणि आपल्या कमाल वेळेच्या निम्माच वेळ, पण पाच फेऱ्या, असे ताईंनी ठरवून दिले. खांदे कानांपर्यंत चढू द्यायचे नाहीत, पाठीची पाती खाली खेचून धरायची, कोपरे ताणून सरळ ठेवायची म्हणजे दंडाची ताकद वाया जात नाही, हे त्या प्रत्येक वेळी आठवण करून देत. चौदाव्या आठवड्यात मी ४८ सेकंद लोंबकळले. ती वेळही भाचीनेच मोजली.

उरलेल्या तयारीबद्दल थोडक्यात लिहिते. वजन वाहण्यासाठी मी तांदळाचे १० किलोचे पोते खांद्यावर घेऊन आमच्या इमारतीचे चार मजले चढत-उतरत असे. नंतर पाण्याचा २० लिटरचा जार छातीशी धरून. सरपटण्याचा सराव घरातल्या दिवाणाखाली झाला, कारण कंबर वर आली की लगेच लागते आणि शरीर आपोआप जमिनीला चिकटून राहायला शिकते. भिंतीसाठी सोसायटीच्या आवारातील पाच फुटी कठडा होता: आधी दोन्ही हातांनी वरची कड धरायची, धावत्या पायाने भिंतीला रेटा द्यायचा, एक कोपर वर अडकवायचे, मग टाच. उतरताना उडी न मारता हातांवर लोंबकळून मग सोडायचे, नाहीतर गुडघ्यांना हिसका बसतो. जमला नाही त्या अडथळ्यामागे ३० बर्पी (उभ्याने खाली बसायचे, पाय मागे टाकून जोर काढायचा आणि उठून उडी मारायची), असा शर्यतीचा नियम होता, म्हणून बर्पीही काढत होते, सुरुवातीला पाच, शेवटी सलग वीस.

कप्पीचा अडथळा मला आईने शिकवला, तोही नकळत. माहेरच्या विहिरीवर अजून कप्पी आहे. आई सत्तरीची आहे, पण पोहरा ओढताना तिचे हात जवळजवळ वाकत नाहीत. ती दोर धरून सगळे अंग मागे टाकते, पोहरा हातभर वर येतो, मग खालचा हात झटकन वर जातो, आणि दम घ्यायचा असला तर ओढलेला दोर पायाखाली दाबून ती उभी राहते. मी दिवाळीत तिच्यासारखे पंचवीस पोहरे ओढले. कोपराच्या दुखण्यात त्यांचाही वाटा असेल, पण शर्यतीच्या दिवशी तो एकच अडथळा मी भाचीच्या आधी पूर्ण केला.

तळहाताच्या कातडीकडे मी फार उशिरा लक्ष दिले. दांड्याच्या सरावाने बोटांच्या मुळाशी घट्टे पडतात. ते वाढू दिले तर त्यांची कड दांड्यात चिमटते आणि एखाद्या दिवशी घट्टा कातडीसकट निघून येतो. माझा अकराव्या आठवड्यात डाव्या हाताचा निघाला आणि नऊ दिवस पोळी लाटणेही कठीण झाले. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना टाचेची वजरी घेऊन घट्टे हलक्या हाताने सपाट करायचे आणि रात्री खोबरेल तेल लावायचे, हे ताईंच्या मुलींना शाळकरी वयापासून माहीत आहे. हातमोजे घालू का, असे मी विचारले होते. ओले झाले की ते हातातच फिरतात, म्हणून ते नकोत असे ठरले.

कपड्यांच्या बाबतीत एवढेच सांगते की सुती कपडा पाणी आणि चिखल धरून जड होतो, त्यामुळे तो टाळावा. बूट खोल खाचांचे आणि पाणी निथळून जाईल असे असावेत, नवे कोरे नसावेत. दोराने नडग्या सोलवटतात म्हणून गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्यावेत. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र घरी काढून ठेवणे ही सूचना मी कळकळीने करते. लोंबकळताना अंगठी अडकली तर बोटाला गंभीर दुखापत होऊ शकते. सासूबाईंना हे सांगताना मला संकोच वाटत होता, पण त्यांनीच सकाळी मंगळसूत्र माझ्या हातातून घेतले आणि देवघरात ठेवले. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत नव्हते, म्हणून डॉक्टरांना विचारून ते पंधरा दिवस आधी घेतले. आदल्या रात्री नेहमीचा वरणभात, सकाळी दोन तास आधी केळे आणि थोडा शिरा, सोबत मीठ-साखर-लिंबाचे पाणी. पोटावर नवा प्रयोग त्या दिवशी केला नाही.

शर्यतीच्या सकाळी चांगला गारवा होता. पंचवीस-तीस जणांच्या तुकड्या दहा दहा मिनिटांच्या अंतराने सोडत होते. पहिला किलोमीटर मी मुद्दाम सावकाश धावले. सहा फुटी भिंत एकटीने पार केली, आठ फुटीला एका अनोळखी तरुणाने गुडघा पुढे केला आणि वरून भाचीने मनगट धरले. तारेखालचा चिखल थंडगार होता आणि दिवाणाखालच्या सरावाची आठवण देत होता. त्या चिखलातून बाहेर पडताच आडव्या दांड्यांची शिडी होती. माझे हात ओले, दांडे आधी गेलेल्यांच्या चिखलाने माखलेले. कोरड्या दांड्यावर ४८ सेकंद टिकणारे माझे हात सातव्या दांड्यावर सुटले आणि मी खालच्या पाण्यात पडले. ३० बर्पी काढायला मला सहा मिनिटे लागली. कड्यांवरही तेच झाले, तेव्हा आणखी ३०.

दोर तेरावा अडथळा होता. तोवर बोटे पूर्ण मिटत नव्हती आणि दोरही खालच्या निम्म्या भागात चिखलाने बुळबुळीत झाला होता. मी दोर उजव्या पायाच्या बाहेरून सोडला, डोळे मिटले आणि पावलांना त्यांचे काम करू दिले. पायरी बांधली गेली. मी उभी राहिले, हात सरकवले, पुन्हा गुडघे वर घेतले. पाचव्या पायरीनंतर दोर कोरडा लागला, आठव्या पायरीवर वरची घंटा हाताला लागली. खाली उभी असलेली भाची काय ओरडत होती ते मला ऐकू आले नाही. उतरताना पावलांमधला दोर थोडा सैल सोडत, हात एकाखाली एक घेत उतरले. सरकत खाली आले असते तर तळहात भाजले असते. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा सुरुवातीपासून १ तास ३४ मिनिटे झाली होती.

घरी आल्यावर आधी साबणाने सगळे ओरखडे धुतले. कोपरावरची एक जखम खोल होती आणि तीत चिखल गेला होता, म्हणून संध्याकाळी डॉक्टरांना दाखवली. चिखलाच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा धोका असतो हे मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांना पावसाळ्यामुळे ठाऊक असते. ताप आला तर लगेच येण्यास आणि चिखलात उतरल्याचे आवर्जून सांगण्यास त्यांनी बजावले. ताप आला नाही. रात्री ताईंना फोन करून सगळे सांगितले, दोर जमल्याचेही आणि ओल्या दांड्यावर हात सुटल्याचेही. त्या म्हणाल्या, “आपण सगळं कोरड्यावर केलं. चूक माझी.” मी नाही म्हणाले, पण त्यांनी विषय बदलला.

मंगळवारी संध्याकाळी सातला व्यायामशाळेत गेले, तेव्हा दांड्याला एक जुना टॉवेल गुंडाळलेला होता आणि खाली पाण्याने भरलेली बादली ठेवलेली होती. ताईंनी टॉवेल भिजवला आणि हातात घड्याळ घेतले. त्या संध्याकाळी मी अकरा सेकंद टिकले.